पालटत्या संमिश्र प्रणालींचे स्थिरीकरण व इष्टतम नियंत्रण : धामणकर नाक्याच्या उदाहरणाने

१. विषयाचे स्वरूप

अभियांत्रिकीतील कित्येक प्रणाली सर्वकाळ एकाच नियमाने वागत नाहीत. काही वेळ त्यांचे वर्तन एका नियमाने चालते. मग एखादी झडप उघडते, स्विच पडतो किंवा दिवा बदलतो, आणि त्या क्षणापासून दुसरा नियम लागू होतो. प्रत्येक नियमाच्या अंमलात वेग, ताण, विद्युत्‌दाब, रांगेची लांबी अशा राशी अखंडपणे बदलत असतात. नियमांचा पालट मात्र तुटक असतो, त्यात मधली पायरी नसते. अखंड व तुटक अशा दोन जातींच्या गती ज्यांत एकत्र नांदतात त्या प्रणालींना संमिश्र प्रणाली म्हणतात. आणि त्यांतील पालटाकडे मुख्यत्वे लक्ष द्यावयाचे असेल तेव्हा त्यांनाच पालटत्या प्रणाली असे नाव देतात. पुढील विवेचनात लागू असलेल्या नियमाला ‘रीत’, अखंड बदलणाऱ्या राशींच्या त्या त्या क्षणीच्या मूल्यांना ‘स्थिती’, आणि रीती ज्या क्रमाने व ज्या कालावधींनी येतात त्याला ‘पालटक्रम’ अशा संज्ञा वापरल्या आहेत.

अशा प्रणालींची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावयास नको. ठाणे जिल्ह्यातील एकट्या भिवंडी तालुक्यात त्यांचे तीन ठळक प्रकार आढळतात. पहिला म्हणजे यंत्रमाग. धोटा इकडून तिकडे जात असताना ताण्यातील ताण अखंड बदलत असतो. पण बाणा तुटला की माग आपोआप थांबविणारी योजना त्यात असते, आणि ती कार्यान्वित होताच ‘चालू’ ही रीत संपून ‘बंद’ ही रीत सुरू होते. दुसरा प्रकार पडघे येथील विद्युत् केंद्राचा. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची व १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. पडघ्याला आलेल्या एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर थायरिस्टरांचे संच करतात, आणि हे रूपांतर म्हणजे ठरलेल्या क्षणी होणाऱ्या पालटांची अखंड मालिकाच होय. तिसरा प्रकार सर्वांच्या नित्य परिचयाचा, म्हणजे शहरातील चौकाचा. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो मार्गाच्या आराखड्यात ज्याच्या नावाचे स्थानक आहे, तो धामणकर नाका हे त्याचे उदाहरण. जकात घेण्याची किंवा मार्ग अडवून तपासणी करण्याची जागा, असा ‘नाका’ ह्या शब्दाचा जुना अर्थ आहे. पुढे तो शब्द चौकाला लागला. अडविणे आणि सोडणे ह्या ज्या दोन क्रिया त्या शब्दात मुळापासून आहेत, त्याच प्रस्तुत विषयाच्याही मुळाशी आहेत.

२. नाका : दोन अस्थिर रीतींतून एक स्थिर प्रणाली

विवेचन सोपे व्हावे म्हणून धामणकर नाक्यासारख्या चौकात एकमेकांस छेदणारे दोनच प्रवाह आहेत असे समजू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत; ते प्रत्यक्ष मोजणीचे नव्हेत. पहिल्या रस्त्याने मिनिटाला १२ वाहने येतात आणि दुसऱ्याने ९. ज्या रस्त्याला हिरवा दिवा असेल त्याच्या रांगेतून मिनिटाला ३० वाहने पार होऊ शकतात. प्रत्येक पालटाच्या वेळी चौक मोकळा होण्यात ६ सेकंद वाया जातात. म्हणजे दोन पालटांच्या एका पूर्ण आवर्तनात १२ सेकंद जातात.

येथे रीती दोन : पहिला रस्ता खुला, किंवा दुसरा खुला. स्थिती म्हणजे दोन रांगांची लांबी. पहिली रीत कायम ठेवली तर दुसऱ्या रस्त्यावरची रांग मिनिटाला ९ वाहनांनी अमर्याद वाढत जाईल. दुसरी कायम ठेवली तर पहिल्या रस्त्याची तीच गत होईल. म्हणजे प्रत्येक रीत स्वतंत्रपणे अस्थिर आहे. असे असूनही दोहोंचा योग्य पालट केल्यास दोन्ही रांगा मर्यादेत राहतात. हा पालट किती वेगाने करावा, असा प्रश्न ह्यातून उद्भवतो.

पहिल्या रस्त्याची मागणी त्याच्या वहनक्षमतेच्या चार-दशांश आहे व दुसऱ्याची तीन-दशांश. एकूण मागणी सात-दशांश. उरलेल्या तीन-दशांश वेळात वाया जाणारे १२ सेकंद बसले पाहिजेत. म्हणून एक आवर्तन निदान ४० सेकंदांचे हवे. ते बरोबर ४० सेकंदांचे ठेवून पहिल्या रस्त्यास १६ व दुसऱ्यास १२ सेकंद हिरवा दिवा दिला, तर तेवढ्या वेळात अनुक्रमे ८ व ६ वाहने पार होतात. आणि ४० सेकंदांत येणारी वाहनेही नेमकी ८ व ६ असतात. आता लोकांना फार वेळ तिष्ठावे लागू नये म्हणून कोणी आवर्तन ३० सेकंदांचे केले असे मानू. हिरव्या दिव्यासाठी १८ सेकंद उरतात, त्यांत ९ वाहने पार होतात, पण तेवढ्या अवधीत येणारी वाहने साडेदहा असतात. दर आवर्तनास दीड वाहन मागे राहते आणि तासाभरात १८० वाहने तुंबतात. रस्ता तोच, वाहने तीच, दोन्ही रीतीही त्याच. दयाबुद्धीने केलेल्या घाईच्या पालटामुळे स्थिर प्रणाली अस्थिर झाली.

मागणी वाढली म्हणजे हे बंधन किती आवळते, तेही पाहण्यासारखे आहे. मिनिटाला १२ व ९ ऐवजी १५ व १२ वाहने येऊ लागली, तर एकूण मागणी नऊ-दशांश होते आणि किमान आवर्तन ४० सेकंदांवरून १२० सेकंदांवर जाते. वाहनांची संख्या सुमारे २९ टक्क्यांनी वाढली, पण आवर्तनाची किमान लांबी तिप्पट झाली. मागणी पूर्णांकाला पोहोचली की कोणताही पालटक्रम रांगा आवरू शकत नाही.

३. घटकांचे गुण आणि क्रमाचे गुण

नाक्याच्या उदाहरणात अस्थिर रीतींपासून स्थैर्य मिळाले. ह्याच्या उलट प्रकारही संभवतो, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. त्यासाठी अगदी लहान उदाहरण पुरे आहे. प आणि फ अशा दोन राशी घ्या. ‘क’ ह्या नियमाने नवा प म्हणजे जुन्या फ ची दुप्पट, आणि नवा फ म्हणजे शून्य. ‘ख’ ह्या नियमाने नवा फ म्हणजे जुन्या प ची दुप्पट, आणि नवा प म्हणजे शून्य. ‘क’ हा नियम लागोपाठ दोनदा लावला तर दोन्ही राशी शून्य होतात; ‘ख’ दोनदा लावला तरी तेच घडते. ह्याहून अधिक स्थिर रीती कल्पिता येणार नाहीत. पण त्या आळीपाळीने लावून पाहा. आरंभी प शून्य व फ एक असेल, तर ‘क’ नंतर प दोन होतो, ‘ख’ नंतर फ चार होतो, पुन्हा ‘क’ नंतर प आठ होतो. प्रत्येक पायरीला राशी दुप्पट होत जाते.

आता दुसरी जोडी घ्या. ‘ग’ नियमाने प दुप्पट होतो व फ एक-अष्टमांश. ‘घ’ नियमाने फ दुप्पट होतो व प एक-अष्टमांश. दोन्ही नियम एकेकटे अस्थिर आहेत. परंतु ते आळीपाळीने लावले तर दर दोन पायऱ्यांनी दोन्ही राशी चतुर्थांश होतात. येथे कोणता नियम आधी आला ह्याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते प्रमाणाला. एका नियमाचा वापर दुसऱ्याच्या तिपटीहून कमी राहील इतके पथ्य दोन्ही बाजूंनी पाळले, म्हणजे पुरे. नाक्याचे उदाहरण ह्या दुसऱ्या जातीचे आहे. तेथे फक्त पालटाचा खर्च वाढीव आहे.

स्थैर्य किंवा अस्थैर्य हा सुट्या रीतींचा गुण नसून रीतींच्या समुच्चयावर चालणाऱ्या पालटक्रमाचा गुण आहे, हा ह्या दोन जोड्यांचा निष्कर्ष होय. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नाही. पदांचे अर्थ कळले म्हणून वाक्याचा अर्थ कळतोच असे नाही; पदांचा क्रम व संबंध हे अर्थाचे स्वतंत्र आधार असतात. पालटत्या प्रणालींच्या शास्त्रात व्याकरणाचे हे स्थान पालटाच्या नियमांना आहे.

४. स्थिरीकरणाचे मार्ग

स्थैर्याची खात्री करून घेण्याचे सर्वांत जुने साधन अलेक्सांद्र ल्यापुनोव ह्या रशियन गणितज्ञाने १८९२ मध्ये खार्कोव्ह येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात दिले. प्रणालीच्या स्थितीवरून ठरणारी, ऊर्जेसारखी कधीही ऋण न होणारी अशी एक राशी शोधावयाची. ती सतत घटत असेल तर प्रणाली शांत स्थितीकडे जाणार हे निश्चित. ही पद्धत पालटत्या प्रणालींना लावताना तीन मार्ग निर्माण होतात.

पहिला मार्ग म्हणजे सर्व रीतींमध्ये घटणारी एकच सामाईक राशी शोधणे. ती मिळाली तर पालट कसाही, कितीही वेळा झाला तरी स्थैर्य ढळत नाही. परंतु अशी राशी नेहमीच अस्तित्वात असते असे नाही. वरील क–ख जोडीला ती असणे शक्यच नाही.

दुसरा मार्ग वास्तव्यकालाचा. प्रत्येक रीत स्वतंत्रपणे स्थिर असेल, तर एकदा पत्करलेल्या रीतीत ठरावीक काळ राहिलेच पाहिजे असा निर्बंध घालावयाचा. पालटाच्या क्षणी जी उसळी येते ती त्या काळात विरून जाते. क–ख जोडीत प्रत्येक नियम निदान दोन पायऱ्या टिकला पाहिजे असे ठरविले, की सर्व काही शून्य होते. ए. एस. मोर्स यांनी १९९६ मध्ये ही कल्पना नियंत्रणशास्त्रात रूढ केली. १९९९ मध्ये ज्युआँव हेस्पान्या व मोर्स यांनी ती सैल केली : काही पालट घाईने झाले तरी चालतील, पण सरासरी वास्तव्यकाल पुरेसा असावा. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील देबाशिष चटर्जी यांनी डॅनिएल लिबेरझॉन यांच्यासह २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन ह्याच परंपरेतील असून त्यात यदृच्छेने होणाऱ्या पालटांचाही विचार आहे.

तिसरा मार्ग असा की पालट घड्याळावर न सोपविता स्थितीवर सोपवावयाचा. रांग अमुक लांबीची झाली की दिवा बदलावा, तपमान अमुक अंशांवर गेले की शीतक चालू व्हावा, हे नियम ह्या जातीचे आहेत. रीती अस्थिर असल्या तरी हा मार्ग उपयोगी पडतो, कारण प्रत्येक क्षणी जी रीत ल्यापुनोवची राशी घटवीत असेल तीच निवडता येते. ह्यात एक धोका आहे. पालट करण्याचा उंबरठा एकच ठेवला, तर स्थिती त्याच्या अल्याडपल्याड हिंदकळू लागते आणि पालट अतिशय जलद होतात. तत्त्वतः सान्त अवधीत अनंत पालट होण्याचाही प्रसंग येऊ शकतो. अकिलीज व कासव यांच्या कूटाची आठवण ठेवून ह्या विकाराला ग्रीक तत्त्वज्ञ झेनो याचे नाव दिलेले आहे. प्रत्यक्ष यंत्रात अनंत पालट होत नाहीत, पण संपर्कबिंदू जळतात, झडपा झिजतात. त्यावर उपाय म्हणून दोन वेगळे उंबरठे ठेवतात : शीतक एका अंशाला चालू होतो व त्याहून बराच खालच्या अंशाला बंद होतो. यंत्रमागाचा अनुभवही हेच सांगतो. माग थांबवून पुन्हा चालू केला की त्या जागी कापडावर खूण उमटण्याचा संभव असतो. प्रत्येक पालटाची काही ना काही किंमत पडते, आणि ती हिशेबात न धरणारा नियम कागदावरच चांगला दिसतो.

५. पालटक्रमाचे व्याकरण आणि निर्णयाची मर्यादा

रीतींना वर्ण मानले तर प्रत्येक पालटक्रम हा त्या वर्णांनी बनलेला शब्द ठरतो. दोन रीती असतील तर दहा पायऱ्यांचे शब्द १०२४ होतात आणि वीस पायऱ्यांचे १०,४८,५७६. लघु व गुरू यांचा प्रस्तार मांडून अशीच मोजणी पिंगलाच्या छंदःशास्त्राने फार पूर्वी केली. तीन अक्षरांचे आठ गण हे तिचेच फळ. आता त्या शब्दांवर एखादा निर्बंध घालावा. उदाहरणार्थ, क्रमात दोन ‘क’ लागोपाठ येऊ नयेत. मग एका पायरीचे २, दोन पायऱ्यांचे ३, तीन पायऱ्यांचे ५ व चार पायऱ्यांचे ८ शब्द उरतात. दहा पायऱ्यांचे १०२४ ऐवजी १४४. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढील संख्या, ही ती मालिका. बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांचे भेद मोजताना दिलेला नियमही हाच आहे. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन, ह्या हिशेबाने अकरा मात्रांचे भेद १४४ होतात.

वास्तव्यकालासारखे निर्बंध पायऱ्यांच्या भाषेत मांडले की ते नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये वर्णिलेल्या मर्यादित-अवस्था व्याकरणाच्या कक्षेत येतात. त्यामुळे एखादा पालटक्रम नियमबद्ध आहे की नाही, हे तपासणे सोपे असते. परंतु त्या व्याकरणाने मान्य केलेले सर्व शब्द प्रणालीला स्थिर ठेवतील काय, हा प्रश्न फार वेगळ्या कोटीतला आहे. व्हिन्सेंट ब्लाँडेल व जॉन त्सित्सिक्लिस यांनी २००० मध्ये असे सिद्ध केले की, परिमेय संख्यांच्या दोन चौकटी (मॅट्रिक्स) दिल्या असता त्यांचे सर्व संभाव्य गुणाकार मर्यादित राहतील की नाही, हे प्रत्येक बाबतीत ठरवू शकेल अशी गणनपद्धती अस्तित्वातच असू शकत नाही. एका काळी असेही अनुमान होते की सर्वांत घातक पालटक्रम नेहमी एखाद्या सान्त शब्दाच्या पुनरावृत्तीनेच मिळेल. ते अनुमान २००२ मध्ये तिएरी बूश व झाँ मेरेस यांनी खोटे ठरविले. २०११ मध्ये त्याचे जे स्पष्ट प्रत्युदाहरण देण्यात आले, त्याचा संबंध हेमचंद्राच्या त्याच संख्यामालिकेशी पोहोचतो.

ह्या मर्यादेच्या अलीकडे निर्णययोग्य असा प्रदेश किती, ह्याचा शोध घेणाऱ्यांत प्रवीण वरैया यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९४० मध्ये जन्मलेल्या वरैया यांनी मुंबईच्या माटुंगा येथील व्ही. जे. टी. आय. ह्या संस्थेतून अभियांत्रिकीची पदवी घेतली व पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले; २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. टॉमस हेन्झिंगर, पीटर कोपके व अनुज पुरी यांच्यासमवेत त्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या निबंधात संमिश्र प्रणालींचा असा एक वर्ग दाखविलेला आहे की ज्यात ‘अमुक स्थिती कधी गाठली जाईल काय’ ह्या प्रश्नाचे उत्तर गणनेने मिळते. त्या वर्गाच्या अटी थोड्या सैल केल्या की ते मिळेनासे होते. अभियंता सर्व पालटक्रमांची परीक्षा करीत न बसता ज्यांच्याबद्दल प्रमाण देता येते अशांचाच वर्ग का निवडतो, ह्याचे कारण येथे आहे.

६. इष्टतम नियंत्रण

स्थैर्य ही किमान अपेक्षा झाली. रांगा मर्यादेत राहतील असे अनेक पालटक्रम असतात. त्यांतील सर्वांत कमी खर्चाचा कोणता, हा इष्टतम नियंत्रणाचा प्रश्न होय. खर्च म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते : वाट पाहण्याचा एकूण वेळ, जळालेले इंधन, की पालटांची संख्या. एकदा ते ठरले म्हणजे दोन मोठी साधने हाताशी येतात. रिचर्ड बेलमन यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या तत्त्वानुसार इष्टतम मार्गाचा कोणताही उत्तरभाग हा स्वतःही इष्टतमच असतो. त्यामुळे शेवटाकडून आरंभाकडे येत हिशेब केला की लक्षावधी शब्द एकेक करून तपासावे लागत नाहीत. ल्येव्ह पोंत्र्यागिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात मांडलेले महत्तम-तत्त्व पालटाचा क्षण कोणता असावा ह्याची आवश्यक अट देते. पुढे संमिश्र प्रणालींसाठी त्याचा विस्तार झाला. ज्या पालटक्रमाने खर्च कमी होतो तो कधीकधी अमर्याद जलद पालटांकडे झुकतो. तेव्हा पालटाची किंमत खर्चात मिळवून किंवा वास्तव्यकालाची अट घालून त्याला लगाम घालावा लागतो.

एकट्या चौकापुरते ह्या प्रश्नाचे अतिशय उपयुक्त उत्तर इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये दिले. आवर्तनात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून तीत पाच मिळवावे आणि त्या संख्येला, एकातून एकूण मागणी वजा करून येणाऱ्या अपूर्णांकाने भागावे. येणारा भागाकार म्हणजे सरासरी खोळंबा सर्वांत कमी करणारे आवर्तन. वरील उदाहरणात बाराची दीडपट अठरा, अधिक पाच म्हणजे तेवीस. त्यास तीन-दशांशाने भागले की सुमारे ७७ सेकंद येतात. त्यांपैकी हिरव्या दिव्याचे ६५ सेकंद चारास तीन ह्या प्रमाणात वाटले तर पहिल्या रस्त्यास ३७ व दुसऱ्यास २८ सेकंद मिळतात.

किमान आवर्तन ४० सेकंदांचे असताना इष्टतम ७७ सेकंदांचे का, अशी शंका साहजिक आहे. वाहने घड्याळाच्या ठोक्यावर येत नाहीत, हे तिचे उत्तर. ४० सेकंदांच्या आवर्तनात तसूभरही सवड नसते. एखाद्या आवर्तनात दोन वाहने अधिक आली की ती पुढे भरून निघत नाहीत. उलट आवर्तन फार लांबविले तर लाल दिव्यापुढील प्रतीक्षाच वाढते. ह्या दोहोंच्या मधला समतोल म्हणजे वेब्स्टर यांचे सूत्र. त्यांनी असेही दाखविले की इष्टतम आवर्तनाच्या पाऊणपटीपासून दीडपटीपर्यंत कोठेही राहिले तरी खोळंबा १० ते २० टक्क्यांहून अधिक वाढत नाही. ज्या गावात ट्रक, रिक्षा, हातगाड्या आणि पादचारी एकाच चौकातून जातात, तेथे अचूक मोजणी नेहमीच अवघड असते; अशा ठिकाणी इष्टतम बिंदूच्या आसपास ही उताराविना पसरलेली जागा आहे, ही गोष्ट सूत्राइतकीच मोलाची आहे.

७. एका नाक्याकडून अनेक नाक्यांकडे

आतापर्यंतचे विवेचन एका चौकाचे झाले. प्रत्यक्षात एका चौकातून सुटलेले वाहन पुढच्या चौकाच्या रांगेत जाऊन उभे राहते. प्रत्येक चौक स्वतंत्रपणे स्थिर केला म्हणजे सारे जाळे स्थिर झाले, असे समजण्याकडे मनाचा कल असतो. परंतु तिसऱ्या विभागातील निष्कर्ष येथेही लागू पडतो. पी. आर. कुमार व थॉमस सीडमन यांनी १९९० मध्ये कारखान्यातील यंत्रांच्या संदर्भात हे दाखवून दिले. हाती घेतलेली रांग पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरीकडे वळावयाचे, हा नियम दिसावयास अत्यंत समंजस आहे, कारण त्याने पालट कमी होतात. तथापि माल ज्यांत पुन्हा मागे वळून येतो अशा काही जाळ्यांत हाच नियम घातक ठरतो. एक यंत्र आपली रांग रिकामी करीत असताना दुसरे काम नसल्यामुळे रिते बसते; मग त्याच्यावर एकदम मोठा लोट येतो, आणि तो उपसत असताना पहिल्याच्या दारी त्याहून मोठी रांग साचते. प्रत्येक यंत्राची क्षमता पुरेशी असूनही रांगा फेरीगणिक वाढत जातात. एक बाजू पूर्ण मोकळी झाल्याशिवाय दुसरी न सोडणारा वाहतूक-शिपाई पुढच्या नाक्यावर काय पाठवीत असतो, ह्याची कल्पना यावरून करता येईल.

ह्यावरील उपाय १९९२ मध्ये लेआंद्रोस तासिउलास व अँथनी एफ्रेमिडीस यांनी संदेशवहनाच्या जाळ्यांसाठी शोधला, आणि प्रवीण वरैया यांनी २०१३ मध्ये तो शहरातील दिव्यांच्या जाळ्यास लावून दाखविला. त्याला महत्तम दाबाचा नियम म्हणता येईल. एखाद्या दिशेचा दाब म्हणजे तिच्या मागील रांगेतून पुढील रांग वजा करून येणारी संख्या, गुणिले त्या दिशेची वहनक्षमता. ज्या रीतीचा एकूण दाब सर्वांत अधिक असेल ती निवडावयाची. समजा, दोन्ही दिशांची वहनक्षमता सारखी असून नाक्याच्या एका बाजूस ४० वाहने उभी आहेत व ती जेथे जाणार त्या रस्त्यावर आधीच ३५ आहेत. दुसऱ्या बाजूस २५ उभी असून त्यांच्यापुढे केवळ ५ आहेत. पहिल्या दिशेचा दाब ५ च्या प्रमाणात आणि दुसरीचा २० च्या प्रमाणात आहे. लांब रांग पहिली असली तरी दिवा दुसरीला मिळावयास हवा.

ह्या नियमाचे तीन विशेष आहेत. प्रत्येक चौकाला केवळ आपल्या लगतच्या रस्त्यांची माहिती पुरते. बाहेरून किती वाहने येणार, ह्याचा अंदाज आधी बांधावा लागत नाही. वहनक्षमता आणि कोणत्या दिशेस किती वाहने वळतात ह्याचे प्रमाण ठाऊक असले म्हणजे झाले. आणि कोणत्याही पालटक्रमाने ज्या मागणीखाली जाळे स्थिर ठेवता येत असेल, त्या मागणीखाली हा नियमही ते स्थिर ठेवतो. ह्याचे प्रमाण ल्यापुनोवच्या पद्धतीनेच मिळते : सर्व रांगांच्या लांबींच्या वर्गांची बेरीज घ्यावयाची, आणि रांगा फार वाढल्या असता ती सरासरीने घटते असे दाखवावयाचे.

परंतु ह्या सिद्धांतातील एक गृहीत गोष्ट नजरेआड करता येत नाही. मूळ मांडणीत रस्त्यावर कितीही वाहने मावतील असे मानलेले आहे. प्रत्यक्ष नाक्याजवळची जागा मोजकी असते. रांग लांबत मागच्या चौकापर्यंत पोहोचली, की हिरवा दिवा असूनही वाहन पुढे सरकू शकत नाही. म्हणजे आराखड्यात न मांडलेली तिसरीच रीत लागू होते, आणि तिच्यात वहनक्षमता शून्य असते. रस्त्यावर उतरविलेला माल, खोदकाम, बंद पडलेले वाहन ह्यांचा परिणामही तोच. अशा वेळी दोष दिव्याच्या गणिताचा आहे की रीतींची यादीच अपुरी होती, हे आधी तपासावे लागते.

८. समारोप

पालटत्या प्रणालींच्या अभ्यासात म्हणून प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. प्रत्यक्षात येऊ शकणाऱ्या रीती कोणत्या, हे प्रथम निश्चित करावयाचे. त्यांतील पालटांवर कोणते निर्बंध घातले असता स्थैर्याचे प्रमाण देता येते, हे नंतर. आणि त्या मर्यादेत कमीत कमी खर्चाचा पालटक्रम कोणता, हे सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला, म्हणजे स्थैर्याची खात्री करण्याआधीच प्रतीक्षा कमी करण्याची घाई केली, तर ३० सेकंदांच्या आवर्तनासारखा प्रकार घडतो : प्रत्येकाला दिवा लवकर मिळतो, आणि सगळेच खोळंबतात. धामणकर नाक्यावर सुताचे गठ्ठे घेऊन थांबलेल्या टेम्पोचालकाला ह्या शास्त्राची परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याचे वाया गेलेले तास ह्याच शास्त्राच्या हिशेबातले आहेत, आणि ते वाचविता येण्याजोगे किती व न येण्याजोगे किती, हे सांगण्याचे सामर्थ्यही ह्याच शास्त्रात आहे.